मेंदूला इजा झाल्यानंतरची स्मरणशक्ती: औषधांपलीकडे काय करता येतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अपघातात डोक्याला मार लागतो, पक्षाघात होतो, मेंदूज्वर होतो, किंवा हृदय काही काळ बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटतो. जीव वाचतो, माणूस घरी येतो, चालायला-बोलायला लागतो, आणि मग लक्षात येतं की सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी त्याला सांगता येत नाही. त्यानंतर घरच्यांकडून आणि रुग्णांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्याला हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल; संबंधित उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच. औषधांशिवायचे उपाय म्हणजे औषधांऐवजीचे उपाय नव्हेत. फिट येऊ नये म्हणून किंवा रक्तदाबासाठी सुरू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

१. बालपणीचं सगळं आठवतं, पण काल काय झालं ते आठवत नाही. असं कसं होतं?

कारण स्मरणशक्ती ही एकच वस्तू नाही. नव्या घटनेची आठवण तयार व्हायला मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. जुन्या, मुरलेल्या आठवणी मेंदूच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या असतात आणि त्या बऱ्याचदा वाचतात. प्राणवायू कमी पडला की हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते. अपघाताच्या धक्क्याने मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग कवटीच्या खडबडीत हाडांवर आदळतो. त्यामुळे इजेचं कारण वेगळं असलं तरी तक्रार सारखीच येते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते हेन्री मोलेसन या रुग्णात. १९५३ मध्ये फिट थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया करून त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला आणि त्यानंतर नवीन प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनासे झाले. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. हे आपण आधी केलं आहे याची त्यांना आठवणही नव्हती. म्हणजे सवयी आणि कौशल्यं शिकण्याची वाट वेगळी आहे, आणि प्रसंगांची वाट बंद झाली तरी ती उघडी राहू शकते. या पानावरचे अर्धे उपाय याच वाटेने जातात.

घरी एक फरक ओळखायला शिका. थोडी खूण दिल्यावर आठवतं का? आठवत असेल, तर माहिती आत आहे, फक्त बाहेर काढता येत नाही. खूण देऊनही काहीच हाती लागत नसेल, तर ती बहुधा नोंदलीच गेलेली नाही, आणि मग कितीही ताण दिला तरी ती निघणार नाही.

२. स्मरणशक्ती पूर्वीसारखी होईल का? किती दिवस लागतात?

डोक्याला सौम्य मार लागला असेल तर बहुतेक लोक काही आठवड्यांत सावरतात. मध्यम किंवा गंभीर इजेत सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त असतो, मग मंदावतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही बदल होत राहतात. शुद्धीवर आल्यानंतरची गोंधळाची अवस्था (प्रश्न ४) जितकी लांबते, तितकी पुढची वाट अवघड, असा साधारण अनुभव आहे.

गंभीर इजेनंतर स्मरणशक्ती तंतोतंत पूर्वीसारखी होणं विरळा. हे ऐकायला कठीण जातं, पण लपवण्यात अर्थ नाही. मात्र ‘आता यापुढे सुधारणा नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते मेंदूच्या आपोआप भरून येण्याबद्दल आहे असं समजा. नवीन पद्धत शिकून रोजचं काम जमवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला मुदत नाही (प्रश्न १९).

३. अपघाताचा दिवसच पुसला गेलाय. तो आठवला तर बाकीचं परत येईल का?

नाही. तो दिवस कुठे दडलेला नाही. त्या वेळी मेंदू नोंद करण्याच्या स्थितीतच नव्हता. संमोहनाने किंवा खोदून खोदून विचारून ती आठवण निघत नाही. उलट ऐकीव तपशिलांतून खोटी आठवण तयार होण्याचा धोका असतो. अपघाताच्या आधीचा जो काळ गेला आहे, तो हळूहळू आक्रसत येतो, पण अगदी शेवटची काही मिनिटं किंवा तास बहुधा कायमचे जातात.

रुग्णाला ती पोकळी बोचते हे खरं. त्यासाठी काय झालं, कोण सोबत होतं, हॉस्पिटलमध्ये किती दिवस होते, हे एका पानावर सोप्या वाक्यांत लिहून ठेवा आणि ते पान त्याच्या वहीत लावा. विचारलं की वाचायला द्या.

४. भाऊ अजून हॉस्पिटलमध्ये आहे. शुद्धीवर आहे, पण कुठे आहे ते कळत नाही. आतापासूनच स्मरणशक्तीचे व्यायाम घ्यावेत का?

आत्ता नको. या अवस्थेत मेंदू सलग नोंदच करत नाही, त्यामुळे पाठांतर किंवा प्रश्नोत्तरं वाया जातात आणि रुग्ण चिडतो. या काळात शांतता हाच उपचार: एका वेळी एक-दोन ओळखीची माणसं, कमी आवाज, कमी प्रकाश, टीव्ही बंद, झोपेत व्यत्यय नाही. समोर दिसेल असं दिनांक-वार-ठिकाण लिहिलेलं असावं. ‘ओळखलंस का मला?’ असं विचारण्याऐवजी ‘मी ताई. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. तुझ्या डोक्याला मार लागला होता, आता तू सुखरूप आहेस’ असं सरळ सांगावं. दर वेळी सांगावं.

ही अवस्था संपली का, ते कर्मचारी रोज ठरावीक प्रश्न विचारून मोजतात. वेस्टमीड ही अशीच एक मोजणी आहे. तिच्यात सलग ३ दिवस १२ पैकी १२ गुण मिळाले की रुग्ण त्या अवस्थेतून बाहेर आला असं धरतात. तिथून पुढे खरं शिकणं सुरू करता येतं.

५. सुरुवात कुठून करायची? कोणाला भेटायचं?

शक्य असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेचा विचार-स्मरणावर काय परिणाम झाला ते तपासणारे मानसशास्त्रज्ञ) तपासणी करून घ्या. लक्ष, नोंद, आठवून काढणं, नियोजन यांपैकी नेमकं काय अडलं आहे हे त्यातून कळतं. रिव्हरमीड नावाच्या चाचणीत तर रोजच्या जगण्यासारखीच कामं असतात: फोटोतल्या माणसाचं नाव लक्षात ठेवणं, निरोप पोचवणं, लपवलेली वस्तू शेवटी आठवणीने मागणं. पुढचं रोजचं काम बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) किंवा स्पीच थेरपिस्ट (बोलणं-भाषा यांवर काम करणारे) यांच्यासोबत होतं.

जाण्याआधी आठवडाभर टिपण ठेवा. ‘सगळंच विसरतात’ असं न लिहिता ‘मंगळवारी सकाळची गोळी दोनदा घेतली’, ‘फोनवर काय ठरलं ते दहा मिनिटांत विसरले’ असं लिहा. त्याचा थेरपिस्टला फार उपयोग होतो.

आणि हे आवर्जून तपासायला सांगा: झोप, नैराश्य, सततच्या वेदना, ऐकू येणं आणि दिसणं, थायरॉइड आणि पिट्युटरी ग्रंथींची संप्रेरकं, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, दारू. यांतलं काहीही स्मरणशक्ती खाली खेचतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या असतात. हे न बघता थेट व्यायामाला लागणं मला पटत नाही.

६. शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ रोज किती वेळ द्यावेत?

आवड असेल तर जरूर खेळू द्या, पण उपचार म्हणून नाही. सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो. गोळी घेतली की नाही हे आठवायला त्याची मदत होत नाही. स्मरणशक्ती हा काही व्यायामाने पिळदार होणारा स्नायू नव्हे. या समजुतीपायी कुटुंबं महिनोन्‌महिने घालवतात, आणि थकलेल्या मेंदूकडे दिवसातले जे थोडे चांगले तास असतात तेच यात खर्च होतात, याचं वाईट वाटतं. ल्युमॉसिटी हे खेळ विकणाऱ्या कंपनीने दावे फुगवून केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता आणि २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवण्यात आलं.

थेरपिस्टच्या देखरेखीखाली लक्ष टिकवण्यासाठी संगणकावरचे सराव दिले जातात. ते वेगळं. तिथे त्या सरावाची सांगड रोजच्या कामाशी घातलेली असते.

७. मग नेमका उपयोग कशाचा होतो?

सर्वात भक्कम पुरावा बाहेरच्या आधारांचा आहे: वही, कॅलेंडर, फळा, अलार्म, मोबाइल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १४३ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना पेजरवर (छोटे संदेश दाखवणारं, कमरेला लावायचं यंत्र) ‘आता गोळी घ्या’, ‘डबा भरा’ असे संदेश जायचे. ८० टक्क्यांहून जास्त लोकांची कामं पेजर असताना लक्षणीय जास्त पार पडली. पेजर गेले, मोबाइल आले, तत्त्व तेच राहिलं.

‘आधार दिला की मेंदू आळशी होईल’ ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिला आधार नाही. काम पार पडल्याने आत्मविश्वास येतो, घरातली भांडणं कमी होतात, आणि अनेकांची तर सवयच अशी बसते की पुढे काही संदेशांची गरज उरत नाही.

सौम्य ते मध्यम अडचण असेल तर डोक्यातल्या डोक्यात वापरायच्या युक्त्याही उपयोगी पडतात (प्रश्न ११). गंभीर अडचणीत मात्र त्या युक्तीची आठवणच राहत नाही, म्हणून तिथे आधार आणि चूक टाळून शिकवणं (प्रश्न ९) यांवरच भर द्यावा.

८. वही आणली, फळा लावला, मोबाइलही दिला. वापरतच नाहीत. काय करू?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न आहे. वही हातात देणं म्हणजे उपाय नव्हे. वही वापरायला शिकवणं हा उपाय. विसरणारा माणूस ‘आपल्याकडे वही आहे’ हेही विसरतो. मॅके सोलबर्ग आणि कॅथरीन मटीर यांनी १९८९ मध्ये यासाठी तीन टप्पे मांडले आणि ते आजही वापरात आहेत. आधी वहीत काय कुठे आहे हे शिकवायचं. मग थेरपीच्या खोलीत छोटे प्रसंग करून ती वापरायला लावायची. शेवटी खऱ्या जगात, घराबाहेर. या तिन्ही टप्प्यांना आठवडे लागतात, कधी महिने.

वही साधी ठेवा. एका दिवसाला एक पान. वर ठळक अक्षरात वार आणि तारीख. डावीकडे वेळ आणि काम, कामापुढे रिकामा चौकोन. काम झालं की रुग्णाने स्वतः खूण करायची. उजवीकडे ‘आज काय झालं’ यासाठी चार-पाच ओळी. संपलेल्या पानांना क्लिप, म्हणजे उघडल्यावर आजचंच पान समोर येतं. वहीचा रंग भडक, जागा एकच, पेन दोरीने बांधलेलं. सुरुवातीलाच दहा विभाग केले की कोणीच वापरत नाही.

आता वही बघण्याची सवय. इथे अंतर वाढवत विचारण्याची पद्धत कामी येते. समजा, मुलगी वडिलांना शिकवते आहे:

‘बाबा, आज काय करायचं हे बघायचं असेल तर निळ्या वहीत बघायचं. कुठे बघाल?’

‘निळ्या वहीत.’

‘बरोबर. वही उघडून दाखवा बरं.’ बाबा वही उघडतात. अर्ध्या मिनिटाने तोच प्रश्न, तेच उत्तर, पुन्हा वही उघडणं. मग एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा, कपड्यांच्या घड्या, काहीही चालतं. उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर वाट बघायची नाही: ‘निळ्या वहीत. कुठे बघाल?’ असं लगेच सांगून म्हणवून घ्यायचं आणि ज्या अंतराला शेवटचं उत्तर बरोबर आलं होतं तिथे परत जायचं. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न बरोबर आला की ती गोष्ट रुजली. प्रश्नाचे आणि उत्तराचे शब्द घरातल्या सगळ्यांनी तेच ठेवायचे. दादाने ‘डायरीत बघा’ आणि आईने ‘लिहिलंय ना ते वाचा’ म्हटलं तर त्या तीन वेगळ्या शिकवण्या होतात.

ही पद्धत एकेक ठरावीक गोष्ट शिकवते. सगळी स्मरणशक्ती तिच्याने सुधारत नाही. म्हणून काय शिकवायचं ते नीट निवडा, रोज लागणारंच निवडा.

९. ‘आठव बघू, प्रयत्न कर’ म्हणून ताण द्यावा, की सरळ उत्तर सांगावं?

स्मरणशक्तीची गंभीर अडचण असेल तर सरळ सांगावं. आपण चुकतो तेव्हा ‘मागच्या वेळी हे चुकलं होतं’ ही आठवण आपल्याला सुधारते. ज्याला ती आठवणच राहत नाही, त्याच्या हाताला आणि तोंडाला मात्र चुकीची सवय लागते आणि पुढच्या वेळी तीच चूक आधी बाहेर येते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये हे दाखवलं: अंदाज बांधायला न लावता, चूक होऊच न देता शिकवलं तर गंभीर विस्मरण असलेले लोक जास्त शिकतात.

म्हणजे व्यवहारात काय? काम लहान पायऱ्यांत तोडा. आधी करून दाखवा, मग हाताला धरून करून घ्या, मग मदत एकेक पायरीने काढून घ्या. नाव शिकवताना आधी पूर्ण नाव लिहून द्या, नंतर शेवटचं अक्षर झाका, मग शेवटची दोन.

अपवाद महत्त्वाचा आहे. अडचण सौम्य असेल आणि माणसाला स्वतःची चूक कळत असेल, तर स्वतः उत्तर शोधण्याच्या प्रयत्नानेच आठवण पक्की होते. त्याला प्रत्येक गोष्ट आयती सांगितली तर नुकसान होतं.

१०. वही बरी की मोबाइल?

इजेच्या आधी जे वापरत होते ते. ज्याच्या हातात कायम मोबाइल असायचा त्याला मोबाइल, जो कागदावर लिहायचा त्याला कागद. मोबाइलचा मोठा फायदा हा की तो स्वतःहून वाजतो. वही वाजत नाही. तोटा हा की तो बंद पडतो, हरवतो आणि त्यात लक्ष भरकटायला शंभर वाटा असतात. अनेकांना मोबाइलचा अलार्म आणि त्यात ‘वही बघा’ एवढाच मजकूर, ही जोडी सर्वात बरी पडते.

११. मी कामावर परत गेलोय. विसराळूपणा थोडा आहे, पण अडतं. स्वतः काय करू?

चित्र आणि गोष्ट या दोन युक्त्यांवर चांगलं काम झालं आहे. लक्षात ठेवायच्या गोष्टी एका चित्रात किंवा छोट्या गोष्टीत गुंफायच्या. बँक, छत्री आणि भावाचा फोन असेल तर बँकेच्या दारात छत्री धरून भाऊ उभा आहे असं डोळ्यांपुढे आणायचं. चित्र तुम्ही स्वतः तयार केलेलं हवं; दुसऱ्याने दिलेलं तितकं टिकत नाही.

वाचायचं असेल तर आधी वरवर चाळा, स्वतःला दोन-तीन प्रश्न विचारा, मग वाचा, पान बंद करून स्वतःच्या शब्दांत सांगा, थोड्या वेळाने पुन्हा स्वतःला विचारा. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा बंद पान आठवून सांगण्याने कितीतरी जास्त राहतं.

बैठकीत समोरच्याला ‘थांबा, मी लिहून घेतो आणि वाचून दाखवतो’ असं म्हणायला लाजू नका. एका वेळी एकच काम, मोबाइल उलटा, मागे आवाज नाही. बऱ्याचदा विसरणं वाटतं ते लक्ष न लागणं असतं. दिवसाच्या उत्तरार्धात हे सगळं ढासळत असेल तर प्रश्न १६ पाहा.

१२. अलार्म वाजतो, बंद करतात आणि काम तसंच राहतं.

अलार्मला शब्द हवेत. नुसता आवाज ऐकून ‘कशासाठी?’ हे आठवावं लागतं, आणि तीच तर अडचण आहे. ‘पांढऱ्या डब्यातली दुपारची गोळी आत्ता घ्या’ असा मजकूर ठेवा. अलार्म कामाच्या क्षणी वाजावा, अर्धा तास आधी नाही. काम होईपर्यंत अलार्म बंद करायचा नाही, हा नियम प्रश्न ८ मधल्या पद्धतीने शिकवा. शक्य असेल तर वाजणारा फोन गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवा.

दुसरी युक्ती, काम एखाद्या घटनेला बांधायची: ‘दात घासून झाले की गोळी’, ‘चपला घातल्या की किल्ली बघायची’. हे वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि तो प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा.

ज्यांना काम आठवतं पण ऐन वेळी दुसऱ्याच गोष्टीत गुंततात, त्यांच्यासाठी २००७ च्या एका ब्रिटिश अभ्यासातली कल्पना उपयोगी आहे. दिवसभरात अवचित वेळी मोबाइलवर फक्त ‘थांबा’ असा संदेश. त्याचा अर्थ, क्षणभर थांबून आज काय काय ठरलंय ते मनात तपासा. ज्या दिवशी असे संदेश आले, त्या दिवशी लोकांनी ठरलेले फोन जास्त वेळा केले.

१३. ‘मला काहीही झालेलं नाही’ असंच म्हणतात. कोणतीच मदत घेत नाहीत.

तो हट्ट असेलच असं नाही. मेंदूच्या पुढच्या भागाच्या इजेत स्वतःची अडचण जाणवण्याची क्षमताच कमी होते. वाद घालून ती येत नाही. काम करण्याआधी अंदाज विचारा: ‘यादीतल्या दहापैकी किती आठवतील?’ मग काम, मग दोन्ही आकडे त्यांनीच शेजारी लिहायचे. कोणीही काही बोलायचं नाही. हे पुन्हा पुन्हा झालं की जाणीव हळूहळू येते. ती येताना उदासीही येऊ शकते. तेव्हा सोबत राहा आणि गरज पडली तर समुपदेशकाची मदत घ्या. दरम्यान, मदत ‘तुझ्या आजारासाठी’ म्हणून न देता ‘घरात आपण सगळेच फळ्यावर लिहितो’ अशी आणली तर स्वीकारली जाते.

१४. न घडलेल्या गोष्टी ठामपणे सांगतात. खोटं का बोलतात?

खोटं बोलत नाहीत. आठवणीतली पोकळी मेंदू जुन्या तुकड्यांनी भरतो आणि ते त्यांना खरंच वाटतं. ‘असं झालंच नाही’ म्हणून भांडू नका, आणि दुजोराही देऊ नका. ‘आपण वहीत बघू या का?’ असं म्हणून पुराव्याकडे वळवा. बाहेर जायला निघाले, पैसे देऊ लागले, असा धोका असेल तर विषय बदलून थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

१५. भेटायला जाते, आई दहा मिनिटांत विसरते. मग जाऊन काय उपयोग?

उपयोग आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते ते विसरून गेले, पण ती भावना त्यांच्या मनात रेंगाळत राहिली. तुमची भेट विसरली जाईल, भेटीने आलेलं बरं वाटणं मागे राहील. रागाचंही तसंच आहे, म्हणून ‘कितीदा सांगू?’ हे वाक्य घरातून काढून टाका. तोच प्रश्न सारखा येत असेल तर उत्तर मोठ्या अक्षरात कार्डवर लिहून हाताशी ठेवा, आणि दर वेळी आवाज न चढवता त्याच्याकडे बोट दाखवा. बरेचदा प्रश्नामागे काळजी असते. ‘तू कधी येणार?’ याचं खरं उत्तर वेळ नसून ‘मी आहे’ हे असतं.

निघण्याआधी दोघींचा फोटो काढून वहीत लावा, खाली एक ओळ लिहा. फोटो पुन्हा पुन्हा पाहिल्याने प्रसंग लक्षात राहायला मदत होते.

१६. झोप, व्यायाम, संगीत, आहार यांचा कितपत फरक पडतो?

झोपेचा खूप. दिवसभराची नोंद झोपेत पक्की होते, आणि डोक्याच्या इजेनंतर झोप बिघडणं अत्यंत सामान्य आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तपासून घ्या. रोज उठण्याची वेळ एकच ठेवा, दुपारची झोप लहान आणि लवकर.

थकवा तितकाच महत्त्वाचा. दुपारनंतर स्मरणशक्ती ढासळते कारण मेंदूला साध्या कामालाही जास्त कष्ट पडतात. शिकायची आणि निर्णयाची कामं सकाळी घ्या आणि थकायच्या आधी विश्रांती घ्या, थकल्यावर नाही.

चालणं, सायकल असा दम वाढवणारा व्यायाम झोप, मनःस्थिती आणि लक्ष यांना मदत करतो. सौम्य मार लागल्यावर पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, त्यानंतर लक्षणं वाढणार नाहीत इतपत हालचाल. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे.

संगीताबद्दल, फिनलंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि लक्ष इतरांपेक्षा जास्त सुधारलं. करायला सोपं आणि आनंदाचं, तेव्हा जरूर करा. आहारात नेहमीचं सकस जेवण आणि पुरेसं पाणी पुरे. दारू पूर्ण बंद.

१७. डोक्याला सौम्य विद्युतप्रवाह देणारी यंत्रं विकत घ्यावीत का?

घरी नको. त्यावर संशोधन चालू आहे, पण इजेनंतरच्या स्मरणशक्तीसाठी रोजचा उपचार म्हणून शिफारस करावी इतका पुरावा नाही. फिट येण्याची शक्यता असलेल्यांनी किंवा कवटीला प्लेट बसवलेल्यांनी तर स्वतःहून मुळीच वापरू नये.

१८. मुलाला दोन वर्षांपूर्वी मार लागला होता. तेव्हा बरा झाला. आता शाळेत मागे पडतोय. संबंध असेल का?

असू शकतो. मुलांमध्ये इजेचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो, कारण वरच्या वर्गात नियोजन आणि लक्षात ठेवणं यांची गरज वाढते आणि तेव्हा उणीव उघडी पडते. शाळेला इजेची माहिती लेखी द्या. तपासणी पुन्हा करून घ्या. जुना अहवाल पुरेसा नाही. वर्गात लिहून दिलेल्या सूचना, एका वेळी एकच सूचना, परीक्षेत जास्त वेळ आणि मधली विश्रांती, यांनी बराच फरक पडतो. आळशी म्हणण्याआधी हे सगळं झालं पाहिजे.

१९. अपघाताला बरीच वर्षं झाली. आता काही करण्यात अर्थ आहे का?

आहे. पेजरच्या अभ्यासात (प्रश्न ७) इजा होऊन काही वर्षं उलटलेले लोकही होते आणि त्यांनाही फायदा झाला. एवढंच की इतक्या वर्षांत घराने स्वतःच्या सवयी बसवलेल्या असतात: सगळं बायको आठवून देते, गोळ्या मुलगा देतो. बदल करताना त्यांचीही घडी मोडावी लागते. एकच काम निवडा, महिनाभर तेवढंच धरा.

२०. एकटं ठेवता येईल का?

हे विसरण्यापेक्षा विसरल्याचे परिणाम काय होतात यावर ठरतं. चावी विसरणं वेगळं, पेटता गॅस विसरणं वेगळं. आपोआप बंद होणारी शेगडी, वार आणि वेळेप्रमाणे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा, दारावर मोठ्या अक्षरात यादी, खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड, ही तयारी आधी करा. मग दहा मिनिटांपासून सुरू करून वेळ वाढवा. गाडी चालवणं मात्र घरच्यांनी ठरवू नये. डॉक्टरांकडून रीतसर तपासणी होईपर्यंत थांबा.

२१. छान सुधारत होते. गेल्या आठवड्यापासून एकदम जास्त विसरायला लागलेत. व्यायाम वाढवू का?

व्यायाम राहू द्या, डॉक्टरांकडे जा. सुधारणा होत असताना अचानक घसरण झाली तर त्यामागे काहीतरी नवीन कारण असतं. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, विशेषतः वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत, मार लागल्यावर कित्येक आठवड्यांनीही त्रास देऊ लागतं. मेंदूत पाणी साचणं, झटके न दिसणाऱ्या फिट, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, नवीन सुरू झालेली गोळी, नैराश्य हीही कारणं असतात. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा फिट यांपैकी काही असेल तर त्याच वेळी आपत्कालीन विभागात न्या, आणि जाताना इजेची तारीख, सुरू असलेल्या गोळ्यांची यादी आणि वहीतली गेल्या आठवड्याची पानं सोबत घ्या.